भिंतीतला स्टड शोधायला चुंबकच बरा: सी. एच. हॅन्सनचा मॅग्नेटिक स्टड फाइंडर

आमचं घर न्यू जर्सीत, एडिसनला, आणि इथल्या भिंती म्हणजे आपल्याकडच्यासारख्या विटांच्या नाहीत हे सगळ्यांना माहितीये, आत लाकडाचे उभे खांब, म्हणजे स्टड, आणि त्यावर अर्धा इंच जाड ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते, मधे नुसती पोकळी. हलकी फोटोफ्रेम कुठेही लागते, पण वजनदार काही टांगायचं तर स्क्रू स्टडमध्येच जायला हवा. आमच्याकडे आईने सांगलीहून सागवानी देव्हारा पाठवला, मूर्ती, समई, तांब्याचं ताम्हन सगळं धरून बारा-तेरा किलो सहज, आणि तो भिंतीवरच लावायचा होता कारण धाकटी रांगते आणि हाताला लागेल ते ओढते. देव्हारा खाली येणं हा विचारही मला सहन होत नव्हता, म्हणून या वस्तूबद्दल एवढं सविस्तर लिहितोय.

आधी घरात इलेक्ट्रॉनिक स्टड फाइंडर होता, ब्रँड सांगत नाही. ही मशीनं भिंतीमागची घनता बदलली की दिवा लावतात, म्हणजे आधी पोकळ जागेवर धरून कॅलिब्रेट करायचं आणि मग सरकवायचं, चुकून स्टडवरच कॅलिब्रेट झालं की सगळं उलटं दाखवतं. माझ्या मशीनने एकाच भिंतीवर डावीकडून सरकवलं तर एक जागा आणि उजवीकडून सरकवलं तर दोन इंच बाजूला दुसरी जागा दाखवली. स्टड असतो दीड इंच रुंद (दोन बाय चार म्हणतात पण प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन), तिथे दोन इंचाची चूक म्हणजे स्क्रू सरळ पोकळीत. चार भोकं पाडली, चारही वेळा ड्रिल फसकन आत गेलं. नंतर पुट्टी भरा, घासा, रंग लावा, अख्खा रविवार गेला.

मग होम डेपो या दुकानातून सी. एच. हॅन्सनचा हा घेतला, दहा-बारा डॉलरला मिळतो. बॅटरी नाही, दिवा नाही, प्लॅस्टिकच्या छोट्या बॉडीत दोन जबरदस्त लोहचुंबक आणि मधे बुडबुड्याची बारकी लेव्हल, बस एवढंच. हा लाकूड शोधतच नाही, ड्रायवॉल ज्या स्क्रूंनी स्टडला ठोकलेली असते त्या स्क्रूंची डोकी शोधतो, ती मसाला आणि रंगाखाली लपलेली असतात. जिथे स्क्रू तिथे बहुतेक वेळा लाकूड. भिंतीवरून हळूहळू एस काढत न्यायचा, स्क्रूजवळ आला की बोटांना आधी हलकी ओढ जाणवते आणि मग टक् आवाज होऊन भिंतीला चिकटतो, हात सोडला तरी तसाच राहतो. पहिल्यांदा ते टक् ऐकलं तेव्हा खरंच बरं वाटलं मला.

पण एका स्क्रूवर विश्वास ठेवू नका. त्याच्या सरळ वर आणि सरळ खाली अजून दोन सापडायला हवेत, साधारण १६ इंच किंवा त्याहून कमी अंतरावर. मी निळ्या पेंटर्स टेपचे तुकडे लावले, ओळंब्यासारखी एक दोरी सोडली, तिन्ही खुणा एका रेषेत आल्या. मग तिथून आडवं १६ इंच मोजलं (मेजर टेपवर दर १६ इंचाला जी लाल खूण असते ती याचसाठीच असते, काही घरात दोन स्टडमधलं अंतर २४ पण असतं) तिथे परत टक्. सीलिंगच्या आणि जमिनीच्या जवळ मात्र शोधू नका, तिथे आडव्या पट्टीचे स्क्रू लागतात आणि गोंधळ होतो. खोलीत पुढे आलेल्या कोपऱ्यात पण बहुतेक वेळा पत्र्याची पट्टी असते, तिथे तो वरपासून खालपर्यंत चिकटत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखाद्या ठिकाणी चुंबक स्क्रूएवढ्या ठिपक्याला न चिकटता दीड-दोन इंचाच्या पट्ट्याला चिकटला तर तिथे ड्रिल अजिबात लावू नका. ती नेल प्लेट असू शकते, वायर किंवा पाइप स्टडच्या कडेपासून सव्वा इंचापेक्षा जवळून गेला असेल तर इथल्या नियमाप्रमाणे वर पोलादी पट्टी ठोकावी लागते. ड्रिल तिथे नुसतं फिरत राहतं, आत जात नाही, आणि लोक जोर लावतात! ते भोक सोडा, हातभर वर सरका. याच हिशोबाने स्क्रूही उगाच लांब घेऊ नये, अर्धा इंच ड्रायवॉल आणि सव्वा इंच लाकूड मिळून भिंतीच्या आत पावणेदोन इंच, मी त्याच्या आतच राहिलो आणि जास्त स्क्रू वापरले.

देव्हाऱ्याची जागा पूर्वेच्या भिंतीवर मधोमध हवी होती आणि स्टड काही मधोमध नव्हते, तर दोन स्टडवर पाइनची एक आडवी फळी पक्की केली आणि देव्हारा त्या फळीला. पायलट भोक, म्हणजे स्क्रूच्या आधीचं बारीक भोक, पाडताना ड्रिलकडे नीट बघा, आधी पांढरी भुकटी येते ती ड्रायवॉलची, मग पिवळसर भुसा यायला लागतो आणि लाकडाचा वास येतो, म्हणजे स्टड लागला. नुसतीच पांढरी भुकटी आली आणि ड्रिल आत पडलं तर थांबा.

तक्रारी दोन. नुसता भिंतीवर घासला तर रंगावर काळपट रेघ उठली, म्हणून मी खाली साधा कागद धरतो. आणि भिंतीवर जाड टेक्स्चर असेल तर ओढ फार मंद लागते, फिरवायला वेळ द्यावा लागतो. पीव्हीसी पाइप किंवा तांब्याची वायर याला कळत नाही हे पण लक्षात ठेवा, स्विचच्या सरळ वर-खाली म्हणूनच मी कधी भोक पाडत नाही.

भारतात विटांच्या भिंतीला याचा उपयोग नाही, तिथे रावळ प्लगच. पण जिप्समच्या फॉल्स सीलिंगला किंवा ऑफिसच्या पार्टिशनला मागे पत्र्याचे जीआय चॅनेल असतात, तिथले स्क्रू हा तितकाच पटकन पकडेल. आणि इथे कुणाचं घर जुनं, प्लास्टर आणि लाकडी पट्ट्यांचं असेल, तर इलेक्ट्रॉनिक मशीन तिथे फार गडबडतं, चुंबकाला मात्र पट्टीपट्टीवरचे खिळे एकाखाली एक दाट सापडतात. फक्त प्लास्टरमागे लोखंडी जाळी असेल तर तो सगळीकडेच चिकटेल, मग हा घेऊन उपयोग नाही.