ऑपरेशनल रिस्कची नोकरी: बँक घ्यावी की विमा कंपनी?

दोन्ही ऑफर लेटरांवर पद एकच, पगारही उन्नीस-बीस. माणसं, यंत्रणा, कामाच्या पद्धती किंवा बाहेरचा घाला यांतून होणारं नुकसान आवरायचं, हेही दोन्हीकडे सारखंच. फरक आहे तो चूक किती दिवसांनी हाती लागते याचा.

बँकेत रोखीच्या बहुतेक चुका संध्याकाळी कॅश टॅली करतानाच सापडतात. ज्या सापडत नाहीत, त्या मोठ्या होतात. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हमीचे संदेश स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेश-यंत्रणेवरून, परदेशी जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबाच्या यंत्रणेत, त्यांची नोंदच होत नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. जुना अधिकारी निवृत्त झाला, जानेवारी २०१८मध्ये टेबलावरच्या नव्या माणसाने हमीपोटी ठेवायची रक्कम (मार्जिन) मागितली आणि सगळा घोटाळा फुटला. रिझर्व्ह बँकेचा २०२१चा रजेचा नियम या नजरेने वाचा: संवेदनशील जागेवरच्या माणसाला दरवर्षी, पूर्वसूचना न देता, सलग किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीची रजा. ती खरोखर घेतली का, हे तुम्ही तपासणार. शाखाधिकारी म्हणेल, "माणसं कुठायत साहेब?" ऐकायचं नाही.

आयुर्विम्यात चूक फाइलमध्ये झोपून राहते. दहा प्रपोजल फॉर्म समोर घ्या. सही ग्राहकाची, बाकी अक्षर एकाच एजंटचं. 'मधुमेह आहे का?' पुढे दहाही ठिकाणी 'नाही', आणि दोन फॉर्मांवर मोबाइल नंबर एकच. विमा कायद्याच्या कलम ४५मुळे तीन वर्षं उलटली की कंपनीला ती पॉलिसी कुठल्याही कारणाने वादात ओढता येत नाही. त्यामुळे जे पकडायचं ते आधीच पकडावं लागतं. कागद वाचायचा कंटाळा असेल तर इकडे फिरकू नका.

वजनाचं म्हणाल तर बँक पुढे. भांडवल मोजायच्या मूलभूत पद्धतीत तीन वर्षांच्या सरासरी ढोबळ उत्पन्नाच्या १५ टक्के भांडवल याच जोखमीपोटी धरावं लागतं, म्हणून संचालक तुमचं ऐकतात. विमा कंपनीला १५० टक्के सॉल्व्हन्सी (दावे फेडायची आर्थिक ताकद) राखायची असते, पण त्या हिशेबात या जोखमीचं वेगळं खातं नाही. तिथे पटवून द्यावं लागतं.

नवख्याने बँक घ्यावी, असं माझं मत. दोन-तीन वर्षांत हात बसतो. मुलाखतीत मात्र दोन्हीकडे नुकसानीच्या नोंदवहीत गेल्या वर्षी किती नोंदी झाल्या, ते विचारा. 'एकही नाही' म्हणाले, तर ती वही तुम्हालाच पहिल्या पानापासून भरायची आहे.