नऊ महिने उशाशी होती, पण ऊब काही लागली नाही

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ही कादंबरी घेतली, ५९९ रुपयांना. आता आषाढ चालू आहे. मधल्या काळात एकदा अर्धी, एकदा पाऊण आणि एकदा पूर्ण वाचली, तेव्हा घाईघाईत नावं ठेवतेय असं कुणी म्हणू नये. पुस्तकाचं नाव लिहीत नाही. मुखपृष्ठावर किटली, मांजर आणि चांदणं आहे. एवढ्यावरून शोधायला गेलात तर पन्नास सापडतील.

आधी माझी बाजू. मला ‘कोझी फँटसी’, म्हणजे जादूच्या जगातली ऊबदार, बिनधोक गोष्ट, मनापासून आवडते. गेल्या वर्षी घरात आजारपण होतं आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसून खून-मारामाऱ्या वाचवत नव्हत्या. राज्य बुडत नाही, कुणी मरत नाही, फार तर पाव करपतो, असलं काहीतरी हवं होतं. या प्रकाराला जिने खरी हवा दिली ती २०२२ सालची कादंबरी त्याच बाकड्यावर वाचली. तलवार खुंटीला टांगून कॉफीचं दुकान काढणारी ऑर्क बाई (ऑर्क म्हणजे फँटसीतली धिप्पाड, राक्षसासारखी जमात)! गावात कॉफी कशाशी खातात हेच कुणाला ठाऊक नाही. जुना तबेला घ्या, सुतार गाठा, गिऱ्हाइकाची वाट बघत बसा. मला ती बाई थेट कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली वाटली होती.

या नव्या कादंबरीतली चेटकीण राजदरबार सोडून डोंगरातल्या गावात बेकरी टाकते. टाकते कसली, टाकलेलीच असते. बोट फिरवलं की कणीक मळून तयार, भट्टी पेटलेली, भांडी घासलेली. पहिल्याच सकाळी दारात रांग. उधारीवाला एकही नाही! चारशे पानांत मैद्याचं पोतं कुठून येतं ते मला कळलं नाही.

डिसेंबरात हे पुस्तक मी मामांच्या गुऱ्हाळावर नेलं होतं. थंडी, चुलवाणाची धग, रसाचा वास. असलं पुस्तक वाचायला याहून चांगली जागा कुठली? पण पानावर नजर ठरेना. जाळव्या चुलवाणात चिपाडं सारत होता, रसाच्या मोठ्या काहिलीवर मळी आली की कुणीतरी ती काढत होतं, घामाने सगळे निथळत होते. गूळ झाला की नाही ते ठरवणाऱ्या गुळव्या काकांनी पाक थंड पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळून बघितली आणि नुसती मान हलवली. अजून नाही. सगळे थांबले. थोड्या वेळाने पुन्हा गोळी, पुन्हा मान. ती तिसऱ्यांदा होकारार्थी हलली तेव्हा मला जो आनंद झाला, तेवढा या चेटकिणीच्या एकाही केकने दिला नाही. तिचा केक फसूच शकत नाही ना! (गरम काकवीचा एक थेंब पान ९२ वर पडला. तेवढंच पान गोड लागलं.)

आता प्रेमाचं. रील्सवर ‘स्लो बर्न’, म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेम, म्हणून डोक्यावर घेतलेलं हे पुस्तक. नायक तुसडा वनरक्षक. चौथ्या प्रकरणात तो तिच्या केसांतलं पीठ झटकतो आणि तिथेच सगळं ठरून जातं. पुढे दोघांना लांब ठेवायचं म्हणून लेखिकेने एक अर्धवट ऐकलेलं वाक्य आणलंय. त्या वाक्यावर नव्वद पानं अबोला. आमच्या गल्लीत एवढ्यावर दोन बायकांचा अबोला संध्याकाळच्या दूधवाल्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. वनरक्षक तुसडा का, तेही कळत नाही. मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूला लिहिलंय म्हणून तुसडा.

भाषेबद्दल तक्रार कमी आहे. खांडेकरांच्या गावात वाढले, अलंकारांना मी घाबरत नाही. पण दर दोन पानांना कुणीतरी दालचिनीचा वास घेऊन डोळे मिटतं, त्याला काय म्हणावं?

एक गोष्ट मात्र खरोखर छान जमलीय: बेकरीतलं म्हातारं मांजर. त्याला जादू चालत नाही. ते उपाशी राहतं, रुसतं, पावसात भिजून येतं, आणि नायिकेला त्याच्यासाठी रात्री उठावं लागतं. ती चार-पाच पानं मी दोनदा वाचली. लेखिकेला लिहिता येतं, हे तिथे कळतं, आणि म्हणून जास्तच राग येतो.

छपाईचं सांगायचं तर कडा जांभळ्या रंगवलेल्या आहेत, दिसतात झकास. जूनच्या दमट हवेत त्या एकमेकींना चिकटल्या आणि सोडवताना रंग बोटांना लागला. बांधणी मार्चमध्येच सुटायला लागली होती. रंकाळ्यावर वाचत बसले असताना नकाशाचं पान वाऱ्यावर गेलं; भेळवाल्याने पकडून दिलं म्हणून आहे.

पाचपैकी दोन तारे, त्यातला एक मांजराचा. वहिनीला पुस्तक प्रचंड आवडलंय, तिने दुसरा भाग आगाऊ नोंदवूनही टाकला. तिचा वाचून झाला की मागून घेईन. मांजर जिवंत आहे का तेवढं बघायचंय.