गेटवरचा कॉल बॉक्स: वायरचा, सिमचा की रेडिओचा? छोट्या कारखान्यासाठी काय घ्यावं

एमआयडीसीतल्या मधल्या साइजच्या कुठल्याही युनिटला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मेन गेटवर वॉचमन मामा असतात, पण मागच्या मटेरियल गेटवर कोणी नसतं, तिथे माल घेऊन आलेला टेम्पोवाला हॉर्न वाजवत बसतो, आत प्रेस चालू असल्यामुळे कोणाला ऐकू जात नाही, मग तो चलनावरच्या नंबरवर फोन लावतो आणि स्टोअरवाला नेमका जेवायला गेलेला असतो. शेवटी कोणीतरी म्हणतं, तिथे एक बटणाचा डबा लावून टाका ना. लावायलाच पाहिजे, पण डबे तीन-चार प्रकारचे मिळतात आणि प्रत्येक सप्लायरला आपल्याकडचाच बेस्ट वाटतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डबा कुठला ते नंतर, आधी हे ठरवा की बटण दाबल्यावर उत्तर कोण देणार आणि तो माणूस त्या वेळी कुठे असतो. एका केबिनमध्ये खुर्चीवर असेल तर वायर टाका. शॉप फ्लोअरवर फिरत असेल तर रेडिओ, म्हणजे वॉकी-टॉकीवर बोलणारा डबा. कारखान्यातच नसेल, म्हणजे गोडाऊन सणसवाडीला आणि मालक पुण्यात, तर सिमवालं.

वायरचा इंटरकॉम, म्हणजे ईपीएबीएक्सचं (कारखान्यातल्या छोट्या टेलिफोन एक्सचेंजचं) एक एक्स्टेंशन गेटपर्यंत ओढायचं आणि तिथे बाहेर चालेल असा मजबूत फोन बसवायचा. जुनी पद्धत आहे पण तिला नावं ठेवायला जागा कमी. साध्या अ‍ॅनालॉग एक्स्टेंशनला एक्सचेंजकडूनच त्याच दोन तारांवर करंट मिळतो, त्यामुळे गेटवर वेगळा लाइटचा पॉइंट लागत नाही आणि एक्सचेंजला बॅटरी असली की लाइट गेली तरी बोलणं चालू राहतं. पुण्याकडच्या लोकांना गुरुवारच्या शटडाऊनला याची किंमत कळते. लायसन नाही, रिचार्ज नाही, शेजाऱ्याचा आवाज नाही.

खर्च असतो तो सगळा चर खोदण्यात. गेट आणि ऑफिसच्या मधे ट्रिमिक्सचा, म्हणजे काँक्रीटचा रस्ता असेल तर तो कापा, पाइप टाका, परत भरा, आणि भरलेली पट्टी पहिल्या पावसातच बसते. म्हणून लोक केबल कंपाउंड वॉलवरून नाहीतर खांबावरून ओढतात आणि जूनमधे पहिली वीज कडाडली की एक्सचेंजचं कार्ड उडतं. लांब केबल बाहेरून आणणारच असाल तर क्रोन मॉड्यूलवर (टेलिफोनच्या तारा जोडायच्या पट्टीवर) सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या, खर्च किरकोळ असतो. आयपीवाला (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारा), व्हिडिओवाला इंटरकॉमही शेवटी वायरचाच भाऊ, फक्त त्याच्या लॅनच्या केबलला 100 मीटरची मर्यादा आहे, त्यापुढे फायबर किंवा मधे स्विच, आणि मग त्या स्विचला लाइट, पेटी, यूपीएस हे सगळं आलंच.

सिमवाला डबा लावायला सगळ्यात सोपा. आत सिम, वर अँटेना, बटण दाबलं की ठरलेल्या मोबाइलवर रिंग, त्याने नाही उचलला तर पुढच्या नंबरवर. बऱ्याच मॉडेलमधे रजिस्टर केलेल्या नंबरवरून मिस्ड कॉल दिला की गेटही उघडतं. पण तीन गोष्टी बघा. पहिली, स्वस्तातले अनेक डबे फक्त टूजीवर चालतात आणि त्यात जिओचं सिम चालणारच नाही, कारण जिओचं नेटवर्क पहिल्या दिवसापासून फोरजीचं आहे. व्होल्टीई, म्हणजे फोरजीवरून कॉल, चालणारं मॉडेल मागा. दुसरी, रिचार्ज. त्या सिमचा रिचार्ज कोणाच्या लक्षात राहणार ते आजच ठरवा, कारण मेसेज डब्यात येतो, डबा काही सांगत नाही. तिसरी आणि मोठी, रिंग एका वेळी एकाच माणसाला जाते. तो दुसऱ्या कॉलवर असेल तर ड्रायव्हर रिंग ऐकत उभा, पुढचा नंबर लागेपर्यंत त्याने परत हॉर्नवर हात ठेवलेला असतो.

आता रेडिओ. याचं खरं बलस्थान हेच की बटण दाबल्यावर आवाज सगळ्या हॅन्डसेटवर एकदम जातो. स्टोअर, डिस्पॅच, फोर्कलिफ्टवाला, सुपरवायझर, ज्याच्या कमरेला वॉकी आहे त्याला ऐकू येतं आणि जो जवळ आहे तो उत्तर देतो. "मागच्या गेटला रॉ मटेरियलची गाडी आलीये" हे एकदाच बोललं की काम झालं. ज्या साइटवर आधीपासून वॉकी-टॉकी चालू आहेत तिथे माझ्या मते दुसरा विचारच करू नये, डबा म्हणजे भिंतीला लावलेला आणखी एक वॉकी, त्याच फ्रिक्वेन्सीवर आणि त्याच टोनवर सेट केला की कामाला लागतो.

पण लायसनचा विषय इथेच येतो आणि बहुतेक लोक इथेच गोत्यात येतात. भारतात सर्वसामान्य वापराच्या बोलायच्या वॉकीसाठी लायसनमुक्त पट्टा आहे तो 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, 2018 पासून, आणि पॉवर अर्धा वॅटपर्यंत. बोलायच्या वॉकीसाठी बाकी व्हीएचएफ-यूएचएफ, म्हणजे वॉकी ज्यावर चालतात त्या पट्ट्यांतलं काहीही वापरायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडून फ्रिक्वेन्सी आणि लायसन घ्यावं लागतं, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. आणि सेट लायसनमुक्त पट्ट्यातला असला तरी त्या मॉडेलला ईटीए सर्टिफिकेट, म्हणजे त्या उपकरणाला सरकारी मंजुरी, असायला पाहिजे, ते सप्लायरकडून कागदावर मागून घ्या, तोंडी नको.

हे एवढं ठासून सांगायचं कारण म्हणजे रेडिओ कॉल बॉक्स ही वस्तू मुळात अमेरिकेत जास्त चालते. तिकडे गोडाऊन, कार डीलर, हार्डवेअरचं मोठं दुकान, सगळीकडे भिंतीवर असे डबे असतात आणि त्यातले बरेच मर्स नावाच्या पट्ट्यावर चालतात, म्हणजे 151 ते 154 मेगाहर्ट्झमधले पाच चॅनल, 2 वॅटपर्यंत, तिकडे लायसनची गरज नाही. इंटरनेटवर ज्या डब्यांचे व्हिडिओ बघून आपण खूश होतो ते हेच. तो डबा इथे आणून लावला तर तो लायसनमुक्त राहत नाही, कारण आपल्याकडे तो पट्टा दुसऱ्यांना दिलेला आहे. न्यू जर्सीच्या भाच्याने बॅगेतून आणलेल्या वॉकीच्या जोडीलाही हेच लागू, त्या 462 आणि 467 मेगाहर्ट्झच्या असतात. ऑनलाइन खरेदीत हा घोळ इतका वाढला की 2025 मधे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, फ्रिक्वेन्सी आणि ईटीएची माहिती लिस्टिंगवरच द्या म्हणून. लिस्टिंगवर "लायसन फ्री" लिहिलंय पण आकडा दिलेला नाही, तर सोडून द्या.

मग लायसनमुक्त अर्ध्या वॅटवर भागतं का? एकरभराच्या प्लॉटवर, एक-दोन शेड असतील तर बहुतेक वेळा भागतं. मोकळ्या मैदानात एवढी पॉवर बरीच लांब जाते, पण आपल्या शेड पत्र्याच्या. पत्र्याच्या शेडच्या आत, त्यात परत मेझनाइन, स्टीलचे रॅक आणि कॉइलचे ढीग, मग तोच सिग्नल दोन-तीनशे मीटरवर दम तोडतो. शिवाय 12.5 किलोहर्ट्झच्या हिशेबाने या पट्ट्यात चॅनल होतात 16 आणि ते सगळ्यांसाठी मोकळे, शेजारची कंपनी, समोरचं मंगल कार्यालय, कोणीही. सप्लायर सांगतो की प्रायव्हसी कोड टाकून देतो. तो कोड म्हणजे एक हलका टोन, त्याने तुम्हाला दुसऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही एवढंच, तुमचं बोलणं दुसऱ्यांना ऐकू जायचं राहत नाही. गेटवरून पार्टीचं नाव, रेट, रोकड असलं काही बोलायचं नाही हे मुलांना सांगून ठेवा.

प्लॉट मोठा असेल, चार-पाच शेड, वजनकाटा लांब, तर लायसन घेऊन रीतसर यूएचएफ सिस्टिम करा, पण त्याचा कागदोपत्री वेळ धरून चाला, फी दरवर्षीची असते आणि ती भरायची जबाबदारी कोणाची हेही ठरवा. नुसतं "गाडी आली" एवढंच कळवायचं असेल, बोलायची गरज नसेल, तर साधं वायरलेस कॉल बटण बघा, 865 ते 868 मेगाहर्ट्झवालं. बटण दाबलं की आत दिवा लागतो, भोंगा वाजतो. खूप ठिकाणी एवढंच पुरतं आणि लोक उगाच बोलायच्या डब्यावर पैसे घालतात. 433 मेगाहर्ट्झची स्वस्त बटणं मात्र गेटसाठी घेऊ नका, तो पट्टा आपल्याकडे 10 मिलिवॅटचा आणि इनडोअर वापरासाठीचा आहे.

एक अपवाद ठळक लिहितो. सॉल्व्हंट, गॅस, पेंट असलं काही हाताळणारं युनिट असेल, तळोजा, कुरकुंभ, लोटे या बाजूला अशी बरीच आहेत, तर धोकादायक झोनमधे साधा वॉकीही चालत नाही आणि साधा डबाही नाही. त्या जागेसाठी मान्यता असलेलंच उपकरण लागतं, आणि हा विषय नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा आहे. तिथे जुगाड करू नका. तसंच, रेडिओचा डबा हा फायर अलार्मच्या जागी धरू नका.

रेडिओ ठरलाच तर विकत घ्यायच्या आधी सप्लायरकडून दोन हॅन्डसेट डेमोला मागा. एक माणूस गेटवर जिथे डबा लागणार त्याच जागी, त्याच उंचीवर उभा करा आणि दुसरा सगळ्या कोपऱ्यांतून फिरवा, टूल रूम, बेसमेंट असेल तर बेसमेंट, कॅन्टीन, बाथरूमसुद्धा. हे रविवारी करू नका, कामाच्या दिवशी करा, मशीन चालू, वेल्डिंग चालू, रॅक भरलेले. व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) आणि वेल्डिंगचा खरखराट रविवारी कळत नाही.

डबा लोखंडी खांबाला चिकटवून किंवा पत्र्याच्या पेटीत घालून लावू नका, अँटेना आत असेल तर ती आंधळी होते. खांबापासून ब्रॅकेट काढून पुढे घ्या आणि अँटेना उभीच ठेवा. उंचीचा विचार लोक विसरतात: चालत येणाऱ्याला छातीच्या उंचीवर बटण बरं पडतं, ट्रेलरच्या ड्रायव्हरला केबिनमधून हात पोचायचा तर ते बरंच वर लागतं. दोघंही येत असतील तर चालणाऱ्याच्या उंचीवर ठेवा, ड्रायव्हर उतरेल, काही बिघडत नाही. केबल ग्लँड नेहमी खालच्या बाजूला, आयपी 65, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, असं लिहिलेलं असलं तरी वर छोटं छप्पर द्या, आणि स्पीकरच्या जाळीमधे कुंभारीण माशी मातीचं घर करते ते पावसाळ्याआधी आणि नंतर बघत जा. आवाज बसला अशी तक्रार आली की मी आधी जाळी बघतो, मग सर्किट.

बॅटरीवर चालणारे डबे एरवी झोपलेले असतात, बटण दाबलं की जागे होतात आणि ठरावीक वेळ उत्तराची वाट बघून परत झोपतात. हा वेळ प्रोग्रॅमिंगमधे वाढवता येतो. फार कमी ठेवला तर स्टोअरवाला उत्तर देईपर्यंत डबा झोपलेला, फार जास्त ठेवला तर बॅटरी संपते. एक मिनिटाच्या आसपास ठेवून बघा आणि मग ठरवा.

राहिला ड्रायव्हर. रेडिओवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, फोनसारखं नाही. ड्रायव्हर बटण दाबून धरतो, "हॅलो हॅलो" करतो, सोडतच नाही, मग त्याला ऐकू काय येणार. डब्याच्या वर मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत बोर्ड लावा: बटण दाबा, एक सेकंद थांबा, गाडी नंबर सांगा, बटण सोडा, ऐका. पुढे चित्रं काढा, कारण गाडी तमिळनाडूचीही येते. तो एक सेकंद महत्त्वाचा आहे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि नंबरातला "एमएच" गायब होतो. आतल्या माणसांनाही सांगून ठेवा, आधी "बोला मागचं गेट" असं म्हणायचं, म्हणजे कुठल्या डब्यावरून आवाज आला याचा गोंधळ बाकीच्यांना होत नाही. दोन गेट असतील तर दोन डब्यांना वेगवेगळा बीप देता येतो का ते ऑर्डर देतानाच विचारून घ्या.