बारा धड्यांचा ऑपेरा कोर्स आणि पुठ्ठ्याची पट्टी

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर नजर ठेवली, त्यामुळे कुठे अक्षर दिसलं की डोळा तिकडे जातोच. ऑपेराशी माझं का जमत नव्हतं, याचं अर्धं उत्तर त्यात होतं. पण तेव्हा मला वाटायचं की आपल्याला ते किंचाळणं सहन होत नाही, एवढंच.

हा ऑनलाइन कोर्स मी घेतला तो निवृत्तीनंतर, आणि थोडा हट्टानेच. बारा धडे, प्रत्येक चाळीसेक मिनिटांचा. शिकवणाऱ्या बाई गायकांच्या तालमींना पियानोवर बसायच्या. म्हणजे हजार वेळा तेच गाणं चुकताना ऐकलेला माणूस. प्राध्यापकी थाट नाही, 'ऑपेरा हा सर्व कलांचा संगम आहे' छापाची वाक्यं नाहीत. पहिल्याच धड्यात त्या थेट 'रिगोलेत्तो'च्या शेवटावर आल्या.

'ला दोन्ना ए मोबिले' ही चाल कुठे ना कुठे आपल्या कानावर पडलेली असतेच. मला ती एक आनंदी, उडती चाल वाटायची. संगीतकार व्हेर्दीच्या या १८५१ च्या ऑपेरात ती आहे एका बदफैली ड्यूकच्या तोंडी. त्याला मारण्यासाठी त्याच्याच दरबारातल्या विदूषकाने, रिगोलेत्तोने, मारेकऱ्याला पैसे मोजलेत. रात्री, वादळात, त्याच्या हाती प्रेताचं पोतं येतं. ते नदीत लोटणार, तेवढ्यात लांबून कोणीतरी मजेत गात जातं: ला दोन्ना ए मोबिले. ड्यूक जिवंत आहे! मग पोत्यात कोण? रिगोलेत्तोची स्वतःची मुलगी. बाईंनी तिथे व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "हे कळायला तुम्हाला इटालियन लागलं का?" नव्हतं लागलं. चालीनेच चुगली केली होती.

दुसरा धडा माझ्या जुन्या तक्रारीवर होता: हे लोक एकच ओळ चार-चारदा का म्हणतात? छापील मजकुरात द्विरुक्ती दिसली की मी ती काटते, हात आपोआप जातो. बाईंचं म्हणणं असं की कथानक पळतं ते रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे बोलण्याच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यात; आरिया, म्हणजे पात्राचं एकट्याचं गाणं, सुरू झाली की घड्याळ बंद. माणसाच्या मनात जे क्षणभरात होतं ते तिथे सहा मिनिटं उलगडत राहतं. उदाहरण हँडेलच्या 'जुलिओ चेझारे'मधलं (१७२४). कैदेतली क्लिओपात्रा आधी संथपणे आपल्या नशिबावर रडते. मग मधला भाग अचानक वेगाने येतो, मेल्यावर भूत होऊन आपल्याला कैद करणाऱ्या जुलमी माणसाला छळीन म्हणून. आणि पुन्हा पहिलंच रडणं, अक्षर न् अक्षर तेच. फक्त आता गायिका त्यात स्वतःच्या हरकती घालते. मी दोन्ही भाग पाठोपाठ लावून ऐकले. पहिल्यांदा रडणारी बाई हरलेली होती. दुसऱ्यांदा रडणारीने मधला संताप पाहिलेला होता. ही द्विरुक्ती मी काटली असती तर पाप लागलं असतं.

किंचाळण्याचा खुलासा चौथ्या धड्यात आहे, तो इतका सोपा की मला आधी कोणी का सांगितला नाही याचा राग आला. ऑपेरात माइक नसतो. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे स्वराच्या उंचीचं माप) आसपास असतो. तालमीने तयार झालेला गायक आपल्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास जोराचं एक टोक आणतो. तिथे वाद्यांची गर्दी विरळ असते, म्हणून तो आवाज पन्नास-साठ वाद्यांच्या वरून सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर नेमकं तेच टोक कानात घुसतं. हेडफोन घाला, असं बाई म्हणाल्या. घातले, आणि निम्मं किंचाळणं गेलं. उरलेल्या निम्म्याची सवय झाली.

पण या कोर्सचं खरं मोल गृहपाठात आहे. प्रत्येक धड्याला ऑपेराचा एक तुकडा, आणि तो तीनदा ऐकायचा: एकदा शब्दांचा कागद हातात घेऊन, एकदा उपशीर्षकं बंद करून, एकदा चित्रही बंद करून. मंचावर भाषांतर दाखवायची पद्धत सुरू झाली ती १९८३ साली, टोरांटोमध्ये, श्ट्राउसच्या 'एलेक्ट्रा'ला. त्याआधी परकी भाषा न येणारे लोक गोष्ट आधी वाचून जायचे नाहीतर नुसतं ऐकायचे. माझं उलट चाललं होतं. मी दोन-दोन तास खालच्या ओळी वाचत होते आणि त्यातला स्वल्पविराम चुकला की अस्वस्थ होत होते. वर कोण काय गातंय, पत्ता नाही.

सुटका झाली ती मोत्सार्टच्या 'फिगारो'त (१७८६). दुसऱ्या अंकाचा शेवट वीसेक मिनिटं अखंड गाण्याचा आहे. सुरुवातीला काउंट आणि त्याची बायको भांडतात. मग तिसरं माणूस, चौथं, पाचवं, करत करत शेवटी सातजण एकदम गातात, प्रत्येकाचं वेगळंच काहीतरी. उपशीर्षकवाला बिचारा काय लिहिणार? दोन ओळी लिहून गप्प. तिथे मी पहिल्यांदा मान वर केली. त्यातली एक जागा मी अजून उघडून उघडून ऐकते. काउंटला खात्री आहे की आतल्या खोलीत बायकोने एक पोरगा लपवलाय. तलवार हातात, आवाज चढलेला. दार उघडतं आणि बाहेर येते दासी सुझाना. इथे मोठा ढोल वाजेल असं आपल्याला वाटतं. मोत्सार्ट आवाज खाली आणतो. मंद, शिष्ट, नाचाच्या पावलांसारखं संगीत, जणू ती पाहुण्यांना या-बसा करतेय. काउंटची फजिती त्या नम्रपणात आहे. शब्द वाचत बसलं की हे निसटतं, कारण शब्दांत ते नाहीच.

आता तक्रारी. कोर्समध्ये दाखवलेले तुकडे तीस-चाळीस सेकंदांचे. पूर्ण प्रयोग आपला आपण शोधायचा. बरेच 'ऑपेराव्हिजन' या संकेतस्थळावर फुकट सापडतात, पण ही गोष्ट नवव्या धड्यात सांगण्याऐवजी पहिल्यात सांगता आली असती. नववा आणि दहावा धडा इतिहासाचा: मॉन्तेव्हेर्दी, मांतुआ, १६०७ असं करत करत सनावळी. बाई तिथे कागदावरून वाचतात आणि त्यांनाही कंटाळा आलेला दिसतो. वाग्नरच्या 'रिंग'चे चार ऑपेरा मिळून सुमारे पंधरा तास. त्यांना एकच धडा. अंगठीची धून, तलवारीची धून, ही ओळखा, ती ओळखा, संपलं. धड्याखालच्या प्रश्नमंजूषा तर निव्वळ सन विचारतात. आणि व्याख्यानांची उपशीर्षकं यंत्राने केलेली: 'आरिया'चं सगळीकडे 'एरिया'. मी त्रेचाळीस चुकांची यादी करून पाठवली. 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत' असं दोन सेकंदांत उत्तर आलं, म्हणजे तेही यंत्रच.

तरीही अकराव्या धड्यासाठी हे सगळं माफ. तो 'ला त्राव्हियाता'चा. व्हेनिसमधला १८५३ चा पहिला प्रयोग पडला, हे बाई दोन वाक्यांत सांगून पुढे जातात ते थेट तिसऱ्या अंकातल्या पत्रावर. क्षयाने खंगलेली व्हियोलेत्ता तिच्या प्रियकराच्या, आल्फ्रेदोच्या, वडिलांचं पत्र वाचते: त्याला सगळं कळलंय, तो येतोय. दोन अंक गाणारी ही बाई इथे गात नाही. साध्या आवाजात बोलते. आणि मागे व्हायोलिनवर अगदी हळू पहिल्या अंकातली आल्फ्रेदोची प्रेमाची धून. बोलणं तिचं, गाणं तिच्या आठवणीतलं. मी पाहिलेल्या प्रयोगात ती कागदाकडे बघतसुद्धा नव्हती, इतक्यांदा वाचून तो पाठ झालेला. मग एकच वाक्य: उशीर झाला. आयुष्यभर पत्रं, पुस्तकं, जाहिराती वाचल्या, पण पाठ झालेला मजकूर वाचणारं माणूस कसं दिसतं ते मला तिथे दिसलं.

ज्यांना गायकांची नावं, गाजलेली ध्वनिमुद्रणं यांची माहिती हवी, त्यांनी हा कोर्स घेऊ नये. ती जवळजवळ नाहीच. ज्यांनी एकदा प्रयत्न करून कंटाळून सोडलंय त्यांनी घ्यावा, धडे एक ते आठ आणि अकरा या क्रमाने. वाग्नरचा बारावा माझा अजून अर्धाच झालाय.

एक सूचना. काही प्रयोगांत उपशीर्षकं चित्रातच छापलेली असतात, बंद होत नाहीत. मी टीव्हीच्या तळाला चार बोटं रुंद पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली. ती अजून काढलेली नाही. बातम्यांतली खालची पळती ओळ त्यामुळे दिसत नाही, म्हणून घरात कुरकुर चालू आहे.