लांब व्हीलबेसची लक्झरी सेडान विदर्भातल्या खेड्यात: ८ महिने, १४ हजार किलोमीटर

ही गाडी आखताना कंपनीच्या डोळ्यांसमोर होता मागच्या सीटवर बसणारा मालक, तोही चीनमधला. तिथल्या गिऱ्हाइकासाठी ऑडीने ए-सिक्स लांबवली, पुढे इतरांनीही तेच केलं. ड्रायव्हर ठेवायची रीत आपल्याकडेही आहेच. म्हणून २०१७ मध्ये मर्सिडीजची लांब ई-क्लास उजव्या स्टिअरिंगसह आधी भारतात आली. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साध्या ई-क्लासपेक्षा १४० मिमी जास्त, बीएमडब्ल्यूच्या ३ सीरीज ग्रॅन लिमोझिनचा साध्या ३ सीरीजपेक्षा ११० मिमी. हा अनुभव याच वर्गातल्या एका गाडीचा. नाव मुद्दाम देत नाही.

समृद्धीवर १२० च्या वेगात मागे डावीकडे पाय पसरून बसलं की पैसे वसूल. गावाकडे वळलं की तीच लांबी नडते. पुढची चाकं ब्रेकर उतरलेली, मागची चढायची बाकी, आणि मधलं पोट घासतं. मागे तिघं अन् डिकीत तुरीचे दोन कट्टे असले तर हमखास. ब्रेकर तिरपा घ्या, एकेक चाक चढू द्या. पांदण रस्त्यावर पावसाळ्यात नेऊच नका.

चाकं १८ इंची घेण्याचा मोह टाळा. शोरूममध्ये ती दिसतात झकास, पण टायरची भिंत बुटकी असल्याने खड्ड्यात रिम वाकते, नाहीतर भिंतीला फुगा येतो. १७ इंची मिळत असतील तर तीच घ्या. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. तापमान ५-६ अंश वाढलं की दाब साधारण १ पीएसआय वाढतो. मे महिन्यातल्या दुपारी 'जास्त झाली' म्हणून हवा सोडली, तर सकाळी ती कमी भरते.

काचेचं छत म्हणजे शोरूममधलं आकर्षण. मार्च ते जून पडदा बंदच राहतो. खरा त्रास वेगळाच. गाडी कडुनिंबाखाली लावली की मोहर छताच्या कोपऱ्यातल्या निचरा नळ्यांत बसतो आणि पहिल्या पावसात पाणी आतल्या अस्तरात उतरतं. मोहर सरला की प्रत्येक कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ओता. ते गाडीखाली ठिबकायला हवं. नाही ठिबकलं तर नायलॉनची जाड दोरी हळूच सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी जोडातून निसटते.

बेज सीट अन् काळी माती यांचं वैर आहे. चिखल ओला असताना पुसला की सीटच्या बारीक छिद्रांत जातो. पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने झाडा, मगच ओलं फडकं.

ग्रिल मोठी होत जाण्यामागेही चीनची आवड मोठी. बीएमडब्ल्यूच्या २०१९ च्या ७ सीरीजची ग्रिल तर आधीपेक्षा सुमारे ४० टक्के मोठी. वरातीत शोभतं खरं. पण वेचणीच्या दिवसांत जिनिंगजवळून रोज जाणं असेल तर कापसाचा तंतू ग्रिलमागच्या कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) बसतो आणि एसी ट्रॅफिकमध्ये गार करत नाही. साध्या पाइपने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पात्या वाकतात. केबिन फिल्टर कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यात बदला.