11 फुटी शिडाची बोट, मामा तलाव आणि 15 रुपयांचा वॉशर

पावसाळ्यात घेतलेली बोट. आता आमचा मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला गावतलाव) अर्ध्यावर आलाय, म्हणजे भरल्या पाण्यात कशी चालते आणि उतरत्या पाण्यात कशी, दोन्ही बघून झालं. फायबरची, दोन शिडांची, सेकंडहँड, 45,000 रुपये. मुंबईकडून भंडारा जिल्ह्यापर्यंतचं टेम्पोभाडं वेगळं. तो आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही. लांबी-रुंदी-वजन जाहिरातीत असतंच, ते परत लिहीत नाही.

आधी ऑप्टिमिस्ट नावाची छोटी शिडाची बोट बघितली होती. 1947 सालचं अमेरिकन डिझाइन, पोरांसाठीच केलेलं. बूड सपाट, नाक चपटं, नुसता सांगाडा 35 किलोचा, दोघांनी उचलून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नेता येतो. पण ती एका पोराची बोट. आमच्याकडे पोट्टे दोन. एकाला आत बसवून दुसऱ्याला पाळीवर उभं केलं असतं तर आठवड्यात बोट विकावी लागली असती. लेजर नावाची बोट एकट्या मोठ्या माणसाची. एंटरप्राइज 13 फुटांची, पण तिची शिडं सांभाळायला दोन जाणती माणसं लागतात. मग ही मधली उरली.

मामा तलावासाठी घेणाऱ्यांनी शिडाआधी बुडाखाली बघा. आपल्या तलावात खाली काय असतं? चिखल, शिंगाड्याचे वेल, बेशरमाच्या झुडपांची खुंटं आणि मच्छीमार सोसायटीची जाळी. बोट वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून बुडातून पाण्यात एक मधली फळी सोडतात; काही बोटींत ती खाचेतून सरळ खाली घालायची असते. ती खुंटाला लागली की बोट जागीच थांबते, पोरगं नाकावर जातं आणि फळीच्या खोबणीला तडा जातो. आमच्या बोटीची फळी खिळ्यावर फिरणारी आहे. धक्का लागला की आपोआप मागे वर येते. सुकाणूचं पातंही तसंच वर येतं. वेल अडकले तर दोरी ओढून फळी वर घ्यायची, वेल सोडायचे, परत खाली. हे काम धाकट्याने आपणहून स्वतःकडे घेतलंय. सोसायटीला आधी विचारून घ्या, जाळी कुठे लावली आहेत तेही त्यांनाच माहीत असतं.

आता मूळ दुखणं. या बोटीला दोन्ही बाजूंना बंद हवेच्या टाक्या आहेत. बोट पलटली तरी बुडू नये म्हणून. प्रत्येक टाकीला मागे पाणी काढायचं भोक, भोकाला प्लास्टिकचं फिरकीचं बूच, बुचाला रबरी वॉशर. आमच्या उन्हात बोट ताडपत्रीखाली ठेवूनही ते रबर कडक झालं आणि त्याला बारीक चिरा पडल्या. बोट डावीकडे कलायला लागली. मला वाटलं मीच जड बसतोय, मी उजवीकडे सरकलो, तरी तेच. काठावर ओढून उलटी-सुलटी केली तर टाकीत डुचुक-डुचुक. बूच काढलं तर बादलीभर पाणी निघालं. जी टाकी पोरांना तरंगत ठेवणार, तिच्यातच पाणी!

विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, वॉशर सुटा येत नाही, पूर्ण सेट घ्या, 2,800 रुपये, कुरिअर वेगळं. मी म्हटलं, भाऊ, मला फक्त ते रबराचं कडं पाहिजे. तर म्हणे बोट इकडे पाठवा, चेक करतो. बोट पाठवा! चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय पाठवा म्हटल्यासारखं झालं. फोटो पाठवले, माप पाठवलं, दोन निळ्या टिका आल्या आणि विषय संपला.

शेवटी बूच खिशात घालून कृषी केंद्रात गेलो. फवारणी पंपाच्या झाकणाचे वॉशर डब्यात पडलेले असतात, त्यातला एक असा बसला की जणू त्याच बुचासाठी केलाय. 15 रुपये. चार घेतले. तेव्हापासून टाक्या कोरड्या आहेत. निघण्याआधी थोरली बूच हाताने आवळून बघते आणि मोठ्याने "झालं" म्हणते, तोवर कोणी आत बसायचं नाही.

इथवरचं दिवाळीत लिहून ठेवलं होतं आणि त्यात पुढचं लहान शीड, म्हणजे जिब, फुकटचा खर्च आहे असंही लिहिलं होतं. ते आता खोडतो. हिवाळ्यात सकाळी वारा नावाला नसतो. तासभर एका जागी बसायचं, आणि ढिवर काका डोंग्यातून बांबू रेटत बाजूने जाताना विचारणार, "हवा नसन तं ते कापड कायले वाहता जी मास्तर?" पण दुपारनंतर झुळूक सुटली की जिबची दोरी धाकट्याच्या हातात असते. हातात दोरी असली की पोरगं कंटाळत नाही, कडेला वाकत नाही आणि "किती वेळ अजून" विचारत नाही. घरच्यांसाठी घेत असाल तर दोन शिडांचीच घ्या.

पलटणं होणारच. कमी पाण्यात डोलकाठीचं टोक गाळात रुततं आणि मग फळीवर उभं राहून कितीही जोर लावा, बोट सरळ होत नाही. त्यावर उपाय म्हणजे तेलाची 5 लिटरची रिकामी कॅन, झाकण घट्ट लावून डोलकाठीच्या टोकाला बांधायची. दिसायला गबाळं दिसतं, पण बोट आडवी पडून राहते, उलटी होत नाही. लाइफ जॅकेट पोरांच्या मापाचं, पायांमधून पट्टा येणारं घ्या. मोठ्या मापाचं पाण्यात डोक्यावरून वर निघतं.

एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते आणि आपल्याकडे मोटारपंपाच्या विजेच्या तारा पाळीवरूनच गेलेल्या असतात, काही तर लोंबलेल्या. काठी पाण्याजवळ, तारांपासून लांब उभी करा आणि परत निघताना आधी काठी उतरवा, मग बोट हलवा. एप्रिल-मे मध्ये दुपारी ढग दाटले की बाहेर या, विजा पडतात.

आता थोरलीला स्वतःची बोट हवी आहे. ती 12 वर्षांची, आणि ऑप्टिमिस्टच्या स्पर्धांत 15 पर्यंतची पोरं उतरतात. एवढ्यासाठी नवी घेणं मला परवडत नाही. विदर्भात किंवा हैदराबादकडे कोणाकडे जुनी ऑप्टिमिस्ट पडून असेल तर कळवा, शीड फाटकं असलं तरी चालेल. त्या बोटीत बंद टाक्या नसतात, हवेच्या पिशव्या असतात. बूच नाही, वॉशर नाही. पिशवीला पंक्चर झालं तर सायकलवाला आहेच.