थरच्या वाळूत जिम्नी: फोर-एलमधला तिसरा आणि बोलेरोच्या मापाचे टायर

जैसलमेरहून खुडी, सम किंवा रामगडकडच्या वाळूच्या वाटांवर मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी न्यायची असेल, तर ‘वाळूत फोर-एच, दगडात फोर-एल’ (दोन्हींत चारही चाकांना ताकद मिळते; फोर-एच वेगासाठी, फोर-एल हळू पण जास्त जोरासाठी) हा सगळीकडे मिळणारा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. दणकट टर्बो इंजिनाच्या गाड्यांना तो चालतो. या गाडीला चालत नाही, आणि त्याचं कारण गिअरबॉक्समध्ये आहे.

१४६२ सीसीचं हे इंजिन टॉर्क देतं १३४ न्यूटन मीटर, तोही ४००० आरपीएमला. टर्बो नाही. मॅन्युअलमध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.४२५ आणि दुसऱ्याचं थेट २.३०४. मधे मोठी दरी. फोर-एचमध्ये दुसऱ्यावर धोरा (वाळूच्या टेकडीला तिकडे धोराच म्हणतात) चढताना वेग तीसपर्यंत उतरला की इंजिन बावीसशेच्या आसपास येऊन धापा टाकतं. पहिला टाकायला क्लच दाबावा, तर तेवढ्यात गाडी उभी. वाळू डांबरासारखी गाडीला पुढे घरंगळू देत नाही.

फोर-एलचं गुणोत्तर २.००२. त्यात तिसरा टाकला की हिशेब ३.३५ वर येतो, म्हणजे त्या दरीच्या बरोब्बर मधे. ४००० आरपीएमला वेग मिळतो साधारण ३७. धोऱ्यासाठी हाच गिअर. पसरट, मऊ वाळूत चौथा. फोर-एलमधला पहिला वाळूत टाकूच नका, तो गाडी पुढे नेत नाही, फक्त खड्डा खणतो.

फोर-एलचा दुसरा फायदा ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावून इंजिनाची ताकद कमी करणाऱ्या यंत्रणेचा. फोर-एचमध्ये बटण दाबून तो बंद करता येतो, पण तीसच्या वर गेलात की आपोआप पुन्हा चालू होतो आणि ऐन चढावर इंजिनाचा गळा आवळतो. फोर-एलमध्ये तो बंदच राहतो. दांडा फोर-एलमध्ये टाकायला गाडी पूर्ण थांबवावी लागते, त्यामुळे वाळू सुरू होण्याआधी, घट्ट जमिनीवर हे उरका. फोर-व्हीलचा दिवा स्थिर लागलेला पाहूनच पुढे निघा. पुढच्या चाकांचे हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारे भाग) व्हॅक्यूमवर जोडले जातात. दिवा लुकलुकत राहिला तर ते जोडले गेलेले नाहीत, आणि तुम्ही फक्त मागच्या चाकांवर वाळूत शिरताय. उलट डांबर लागलं की लगेच टू-एच, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्याने कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा पीळ गिअरांवर येतो.

ऑटोमॅटिकला फक्त चार गिअर आहेत, पण नवशिक्यांसाठी तीच बरी, क्लच जळायची भीती नाही. फोर-एल लावून गिअरचा दांडा ‘२’ वर ठेवायचा.

वजन हा या गाडीचा खरा गुण. बाराशे किलोच्या आसपास. महिंद्राची थार पाचशेएक किलोंनी जड. जिथे थार पोटापर्यंत रुतते तिथून ही नुसती सरकत जाते, आणि रुतलीच तर दोघांच्या धक्क्याने निघते. जमिनीपासून उंची २१० मिलीमीटर, पुढचा कोन (नाक न टेकता चढता येणारा चढ) ३६ अंश, तक्रार नाही. तक्रार आहे ती पोटाची. पाच दारांसाठी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २५९० मिलीमीटर केला, त्यात मधला कोन (पोट न टेकता माथा ओलांडायचा) २४ अंशांवर आला. धारदार माथ्यावर गाडी पोटावर टेकते आणि चारही चाकं नुसती फिरत राहतात. थरमध्ये जोराचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणून त्या बाजूचा उतार सहसा लांब आणि घट्ट असतो, ईशान्येचा तीव्र आणि भुसभुशीत. चढायचं नैर्ऋत्येकडून, माथ्याच्या अलीकडे पाय उचलायचा, आणि पलीकडे नाक सरळ खाली. तिरकं उतरलात तर गाडी कलंडेल.

आता टायर. कंपनीचे १९५/८० आर १५ वाळूत वाईट नाहीत, हवा कमी केली की लांबीत छान पसरतात. १६ पीएसआयवर आणा, रुतलात तर १२. त्याखाली वळताना टायर रिमवरून निसटतो. अडचण आहे विलायती बाभळीच्या काट्याची. हवा कमी असताना तो बाजूच्या भिंतीत शिरतो आणि तिथलं पंक्चर प्लगने टिकत नाही. म्हणून २१५/७५ आर १५ चे ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही वाटांसाठीचे) टायर घ्या. घासत नाहीत, आणि हेच माप बोलेरोचं. बोलेरो जिथे चालते तिथे, म्हणजे सगळीकडे, निदान कामचलाऊ टायर मिळून जातो.

हवा भरायचा पंप बॅटरीला चिमट्यांनी लागणारा घ्या. दहा अँपिअरच्या वर खेचणारा पंप बारा व्होल्टच्या सॉकेटला लावलात तर फ्यूज उडू शकतो. जॅकखाली घालायला फूटभर चौकोनी, १८ मिलीमीटर जाडीचं प्लायवुड हवंच, नाहीतर गाडीऐवजी जॅकच खाली जातो. शिवाय फावडं आणि दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या). २०८ लिटरच्या डिकीत एवढं ठेवलं की बॅगा मागच्या सीटवर.

ताम्हिणीच्या चिखलात शिकलेल्यांनी एक सवय मोडावी. चिखलात स्टिअरिंग डावं-उजवं हलवत रेस दिली की टायर साफ होऊन पकड मिळते. वाळूत तसं केलंत तर गाडी दोन सेकंदांत अ‍ॅक्सलवर बसते. चाक फिरलं की पाय काढा, आलात त्याच चाकोरीतून मागे या.

टाकी ४० लिटरची, आणि वाळूत पेट्रोल हायवेच्या दुप्पट धरायचं. पुण्याहून बाराशेएक किलोमीटर हायवेने जाताना शंभरच्या वेगाला इंजिन बत्तीसशेवर घुमत असतं. ट्रेलरवर टाकून नेणारे उगाच नेत नाहीत.

सम-खुडी पट्ट्यातला बराचसा भाग डेझर्ट नॅशनल पार्कचा आहे. तिथे गाडी वाटेवरून उतरवायची नाही. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुधा एकच, आणि गाडीतून ते दिसत नाही. तनोटच्या पुढे सीमेकडे परवान्याशिवाय जाऊ देत नाहीत.